‘नस’ हा एकच शब्द आणि पार्लरची खुर्ची

लग्नसराई सुरू झाली की ढाणकीच्या बाजारपेठेत ब्युटी पार्लरची बाके सकाळपासून भरलेली असतात. उमरखेड तालुक्यातले हे नगरपंचायतीचे गाव. आसपासच्या खेड्यांतल्या मुली-बाया बाजाराच्या निमित्ताने येतात आणि जाता जाता भुवया कोरून घेतात. नवरीचे फेशियल, करवलीचे ब्लीच, मावशीच्या हनुवटीवरचे दोन केस, सगळे एकाच खुर्चीत. पलीकडच्या सलूनमध्ये दाढी झाल्यावर डोक्याची मालिश आणि शेवटी मान दोन्ही बाजूंना कडकन मोडणे. पैसे फिटल्यासारखे वाटते ते त्या आवाजाने.

आता दुसरे चित्र पाहा. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. तेवढ्यात ताप, खोकला, जुनी चिठ्ठी आणि नवे औषध हे सारे उरकायचे. चेहऱ्याकडे वीतभर अंतरावरून, चांगल्या उजेडात, अर्धा तास कोण पाहते? डॉक्टर नाही. पार्लरवाली ताई पाहते. वर्षभरात तिच्या बोटांखालून जितके चेहरे जातात, तितके तालुक्यातल्या कुठल्याच डॉक्टरच्या बोटांखालून जात नाहीत. आणि त्या चेहऱ्याच्या कातडीखाली काय आहे, हे तिला तीन महिन्यांच्या क्लासमध्ये कुणी शिकवलेले नसते. क्रीमचे थर शिकवतात, कातडीचे प्रकार शिकवतात, मेकअपच्या छटा शिकवतात. मज्जातंतूंचा धडा मात्र गाळलेला असतो.

गोंधळाची सुरुवात भाषेपासूनच होते. आपल्याकडे ‘नस’ या एकाच शब्दात तीन वेगळ्या वस्तू बसतात. रक्त वाहून नेणारी नळी ही नस, संवेदना आणि हुकूम वाहून नेणारा तंतू हीही नस, आणि स्नायूला हाडाशी बांधणारी दोरीही नसच. ‘नस दबली’, ‘नसेवर नस चढली’, ‘शीर धरली’ असे म्हणताना नेमके काय दबले आणि कशावर काय चढले, हे ना सांगणाऱ्याला ठाऊक असते ना ऐकणाऱ्याला. गप्पांमध्ये हे चालते. पण जिच्या हातात गरम मेण, ॲसिडची बाटली किंवा सुयांचा रोलर आहे, तिला हा फरक कळलाच पाहिजे. रक्ताची नळी कापली तर रक्त येते आणि दाबून धरले की बहुधा थांबते. मज्जातंतू दुखावला तर एक थेंबही रक्त येत नाही, आणि ओठ महिनोन्‌महिने वाकडा राहतो.

चेहऱ्याचे काम दोन वेगळ्या मज्जातंतूंनी वाटून घेतले आहे. स्पर्श, वेदना, थंड-गरम हे मेंदूपर्यंत नेणारा एक, आणि हसणे, डोळा मिटणे, भुवई उचलणे हे करवून घेणारा दुसरा. ही वाटणी वैद्यकशास्त्राला नीट कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले सर चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये यासंबंधीचा निबंध मांडला, आणि तोंड वाकडे होण्याच्या एका आजाराला आज त्यांचेच नाव आहे.

हालचालीचा मज्जातंतू कुठून जातो, हे समजायला पुस्तक लागत नाही. उजवा तळहात उजव्या गालावर असा ठेवावा की मनगट कानाच्या पाळीखाली येईल, आणि बोटे पसरावीत. अंगठा कपाळाकडे, तर्जनी डोळ्याकडे, मधले बोट गालावरून वरच्या ओठाकडे, अनामिका जबड्याच्या कडेने आणि करंगळी मानेकडे. कानाखाली कवटीतून बाहेर पडून, लाळेच्या मोठ्या ग्रंथीतून वाट काढत मज्जातंतू याच पाच दिशांना फुटतो. त्याच्या फांद्या बहुतेक ठिकाणी चरबीच्या आणि पातळ पडद्याच्या आड सुरक्षित असतात. म्हणून थ्रेडिंगने, वॅक्सने किंवा साध्या फेशियलच्या बोटांनी तोंड वाकडे होत नाही. ही भीती कुणी घालत असेल तर ती खोटी आहे. पण दोन जागा नाजूक आहेत. एक, कान आणि डोळ्याचा बाहेरचा कोपरा यांच्या मधले आडवे हाड. तिथे भुवई उचलणारी फांदी जवळपास कातडीलगत येते. दुसरी, खालच्या जबड्याची कड. दात घट्ट आवळल्यावर जबड्यावर जो स्नायू टणक लागतो, त्याच्या पुढच्या काठाला एक ठोका हाताला लागतो. खालचा ओठ ओढणारी फांदी तिथूनच जाते.

संवेदनेच्या मज्जातंतूच्या तीन शाखा आहेत: कपाळाची, गालाची आणि हनुवटीची. त्या हाडातल्या छोट्या भोकांतून बाहेर येतात, आणि ही भोके साधारण बुबुळावरून काढलेल्या एका उभ्या रेषेवर असतात. भुवईच्या हाडावर बोट दाबले तर एक खाच लागते आणि झिणझिणल्यासारखे होते. तीच ती जागा. मसाजच्या नावाखाली अंगठा रोवून ‘पॉइंट’ दाबायची फॅशन आली आहे, तिने बाकी काही झाले नाही तरी डोके नक्की दुखते. जबड्याचा कोपरा आणि कानाची पाळी मात्र या मज्जातंतूच्या ताब्यात नाहीत. तिथली संवेदना मानेतून वर चढणारा एक जाड तंतू नेतो. मान एका बाजूला वळवली की कानामागून गळपट्टीकडे जाणारा तिरका स्नायू उठून दिसतो. त्यावरून हा तंतू आडवा होऊन पाळीकडे जातो. त्याच्याविषयी पुढे अधिक बोलायचे आहे. विदर्भात तो फार महत्त्वाचा आहे.

धोका बोटांचा नाही. धोका आम्लाचा, आगीचा, सुईचा आणि जोराचा आहे. चामखीळ, तीळ किंवा मस काढायला चुना आणि सोडा एकत्र करून लावण्याची पद्धत जुनी आहे. आता त्या जागी ऑनलाइन मागवलेले, ठिणगी पाडणारे पेन आले आहे. चुन्याची खळी किती खोल उतरेल हे लावणाऱ्याच्या हातात नसते. जबड्याच्या कडेवर किंवा मानेच्या बाजूच्या त्रिकोणात हा प्रयोग झाला तर व्रण उरतोच, आणि कधी त्याहून वाईटही होते. मानेच्या त्या त्रिकोणातून खांदा उचलणारा मज्जातंतू जातो. त्याच्यावर कातडी आणि पातळ आवरणे सोडली तर राखण नाही. तिथली गाठ कुणी घरगुती पद्धतीने फोडली आणि मज्जातंतू दुखावला, तर हात डोक्यावर नेऊन वेणी घालणेही अवघड होते. शिवाय जो तीळ वाढतो आहे, रंग बदलतो आहे, खाजतो किंवा ज्यातून रक्त येते, तो जाळून टाकणे म्हणजे पुरावा जाळणे. तो काढायचा डॉक्टरने, आणि काढल्यावर तपासायला पाठवायचा.

मानेच्या पुढच्या बाजूचा एक नियम पाठच करायला हवा. कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना जिथे जोरदार ठोका लागतो, तिथे रक्तदाबावर पहारा ठेवणारी एक जागा असते. ती दाबली किंवा चोळली तर मेंदूला वाटते रक्तदाब वाढला, आणि तो हृदयाचे ठोके मंद करतो. चक्कर येते, माणूस कोसळूही शकतो. वयस्कर माणसाच्या या नळीत चरबीचा थर साचलेला असेल तर त्याचा तुकडा सुटून मेंदूत अडकण्याचा धोका वेगळाच. म्हणून गळ्याच्या पुढच्या बाजूला हात हलकाच फिरवायचा, दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच दाबायच्या नाहीत.

आणि ती कडकन मोडणारी मान. २०१७ मध्ये दिल्लीतली एक बातमी गाजली होती. चौपन्न वर्षांच्या गृहस्थाने नेहमीप्रमाणे मालिशनंतर मान मोडून घेतली आणि पुढे श्वास लागू लागला. तपासात दिसले की श्वासपटल चालवणारा, मानेतून निघणारा मज्जातंतू निकामी झाला आहे. २०२४ मध्ये बल्लारीच्या तिशीतल्या तरुणाला असेच मान मोडून घेतल्यावर पक्षाघात झाला. मानेतल्या रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटले होते. पार्लरमध्ये केस धुताना बेसिनच्या काठावर मान मागे टाकून ठेवल्याने होणाऱ्या पक्षाघाताला तर १९९३ पासून वैद्यकीय साहित्यात ‘ब्युटी पार्लर स्ट्रोक’ असे नावच आहे. मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकी डॉक्टरांनी तेव्हा पाच स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये हैदराबादच्या एका महिलेच्या बाबतीत हेच घडल्याचे वृत्तपत्रांत आले. या घटना विरळा आहेत, हे खरे. रोज हजारो माना मोडल्या जातात आणि काही होत नाही, हेही खरे. पण मान मोडण्याचा फायदा शून्य असताना विरळा धोकाही कशासाठी घ्यायचा? बेसिनच्या काठावर टॉवेलची जाड गुंडाळी ठेवली आणि मधून मधून ‘काकू, चक्कर येत नाही ना?’ एवढे विचारले तरी पुष्कळ झाले. सलूनवाल्या दादाने मात्र मान मोडणे सरळ बंद करावे. गिऱ्हाईक आग्रह करेल, तरीही.

इथवर झाले ते न करण्याचे. यवतमाळ जिल्ह्यात हा विषय महत्त्वाचा ठरतो तो पाहण्यामुळे.

विदर्भ आणि कुष्ठरोग यांचे नाते जुने आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले. अमरावतीचे तपोवन डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी उभारले, वरोऱ्याचे आनंदवन बाबा आमटे यांनी. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरेशास्त्रींच्या कुष्ठाने ग्रासलेल्या अंगाला महात्मा गांधी स्वतःच्या हाताने मालिश करीत, तेव्हा या रोगावर आजच्यासारखी औषधे नव्हती. आज ती आहेत, सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत उपचार संपतो. २००५ अखेर देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. त्याचे ‘निर्मूलन’ झाले असे जाहीर झाले आणि लोकांनी, खरे सांगायचे तर काही डॉक्टरांनीही, तो रोग संपला असे धरले. तो संपलेला नाही. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात.

कुष्ठरोग दिसतो कातडीवर, पण नासधूस करतो मज्जातंतूंची. मान वळवल्यावर दिसणारा तो पाळीकडे जाणारा तंतू या रोगात सुजतो. सुतळीएवढा जाड होतो, आणि कातडीखाली उठून दिसतो. प्रत्येक जाड तंतू म्हणजे कुष्ठरोग नव्हे. सडपातळ माणसात तो एरवीही किंचित दिसतो. पण एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे मानेला क्रीम लावणाऱ्या बोटांना सर्वांत आधी कळते. गालावरचा फिकट किंवा लालसर चट्टा, तेलकट चमकणाऱ्या जाडसर पाळ्या, भुवईचा बाहेरचा भाग विरळ होत जाणे, ही सगळी पार्लरच्या खुर्चीत दिसणारी चिन्हे आहेत. भुवई थायरॉइडच्या आजारातही विरळ होते, पण दाखवायला हवेच. हातावरचा कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो, तसा चेहऱ्यावरचा नेहमी असतोच असे नाही. चेहऱ्याला मज्जातंतूंचा पुरवठा इतका दाट आहे की चट्ट्यावर स्पर्श कळत राहतो. म्हणून ‘टोचले तर दुखते, मग काळजी नाही’ हा निष्कर्ष चेहऱ्यापुरता चुकीचा ठरतो. उलट, हाताचे वॅक्सिंग करताना एखाद्या डागावर ‘इथे काही लागलंच नाही बाई’ असे कुणी म्हणाले, तर ते वाक्य हसण्यावारी नेऊ नये.

आज होते काय? गालावर फिकट डाग दिसला की घरचे म्हणतात कॅल्शियम कमी आहे, पोटात जंत आहेत. लहान मुलांच्या गालावरचे पांढुरके डाग बहुतेक वेळा साधे, आपोआप जाणारे असतात, त्यामुळे मोठ्यांचेही तसेच धरले जाते. मग औषधाच्या दुकानातून गोरेपणाची ट्यूब आणली जाते. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. त्याने लाली दबते, डाग अस्पष्ट होतो आणि निदान महिनोन्‌महिने लांबते. पार्लरमध्ये डागावर ब्लीच लावून रंग एकसारखा करून दिला जातो. लग्नाचे फोटो सुंदर येतात. आत मज्जातंतू झिजत राहतो. गालाच्या हाडावरचा चट्टा एकदम लाल होऊन सुजला, तर डोळा मिटवणारी फांदी थोड्याच दिवसांत निकामी होऊ शकते. मग डोळा उघडा राहतो, कोरडा पडतो, बुबुळावर जखम होते. त्या क्षणी स्टेरॉइड गोळ्यांची आणि तज्ज्ञाची गरज असते. ब्लीचची नव्हे.

क्रीमबद्दल आणखी एक. अकोल्याच्या एकाच कुटुंबातल्या तिघींना स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीमने मूत्रपिंडाचा विकार जडला, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचे मूळ पाऱ्यात सापडले, ही बातमी फार जुनी नाही. बिनलेबलची डबी विकताना विकणारीलाही आत काय आहे हे माहीत नसते, हा त्यातला खरा दोष.

पार्लरमध्ये दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक नागीण. कपाळाच्या एकाच बाजूला आग होते, दुखते, आणि पुरळ दोन-तीन दिवसांनी उठते. त्या मधल्या काळात बाई ‘डोकं दुखतंय, जरा मालिश करून दे’ म्हणून येऊ शकते. पुरळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आले तर डोळ्याला धोका असतो. दुसरी, तोंड वाकडे होणे. आपल्याकडे ‘वारं गेलं’ म्हणतात आणि कबुतराच्या रक्तापासून विजेच्या मशीनपर्यंत काय वाट्टेल ते करतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. कपाळाला आठ्या घालायला सांगावे. ओठाबरोबर कपाळही एका बाजूने गुळगुळीत राहिले, तर बहुधा बेलचा आजार. त्यावर पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइड सुरू झाले तर बरे होण्याची शक्यता चांगली वाढते. कपाळ दोन्हीकडे हलते पण ओठ वाकडा, हात लुळा, बोलणे जड, तर तो मेंदूचा झटका. मग एक मिनिटही न घालवता १०८. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ढाणकीहून यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून लांब, नांदेड त्यामानाने जवळ. हा हिशेब आधीच डोक्यात हवा. आणि खूण पटली नाही, शंका उरली, तर झटकाच समजून निघावे.

या सगळ्यावर वैद्यकीय मंडळींचा एक ठरलेला आक्षेप असतो. अर्धवट ज्ञान धोक्याचे, आज मज्जातंतू शिकवाल तर उद्या त्या इंजेक्शन देतील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. बोटॉक्स मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोपच थांबवते. जरा इकडेतिकडे गेले तर पापणी काही आठवडे उतरलेली राहते. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर दृष्टी जाऊ शकते. ही कामे डॉक्टरची, तीही त्याचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरची, यात तडजोड नाही. पण इंजेक्शन देण्याचे धाडस शरीररचनेच्या ज्ञानाने येत नाही. ते अज्ञानाने आणि मोबाइलवरच्या व्हिडिओने येते. आत काय आहे हे कळलेल्या माणसाचा हात थबकतो.

आणि कारागिराला शरीर समजत नाही, असे म्हणण्याचा अधिकार महाराष्ट्राला तर अजिबात नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. करणारा शस्त्रवैद्य पदवीधर नव्हता. विटा करणाऱ्या जातीतला होता, असे लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ मध्ये छापले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते काम पाहिले होते. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कपाळाची कातडी मुळाशी जोडलेली ठेवायची, तोडायची नाही, हे त्या कारागिराला ठाऊक होते. कारण त्या देठातूनच रक्त येते. त्याच देठातून मज्जातंतूही येतो, म्हणून अशा नव्या नाकावर माशी बसली तर सुरुवातीला ती कपाळावर बसल्यासारखी वाटते. वीटभट्टीवरच्या माणसाला जे शिकता आले, ते बारावी झालेल्या मुलीला शिकता येणार नाही?

शिकवायचे कुठे, हा प्रश्न आहे. आयटीआयमध्ये बेसिक कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पण गावातल्या बहुतेक जणी एखाद्या क्लासमध्ये किंवा जुन्या पार्लरवाल्या ताईच्या हाताखाली शिकतात. दुकान काढताना मोजकेच कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त सूचना द्यावी लागते. तिथे कुणी प्रशिक्षण विचारत नाही. परवान्याचे नवे राज्य उभे करून हे सुटणार नाही. त्यातून फक्त खिडकीवरचा खर्च वाढेल. त्यापेक्षा दोन दुपारी पुरतात. एका दुपारी हाताच्या पंजाचा तो नकाशा आणि काय करायचे नाही, दुसऱ्या दुपारी काय दिसले तर कुठे पाठवायचे. शिकवायला प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि कुष्ठरोग तंत्रज्ञ पुरेत.

पाठवायचे कसे, हे सर्वांत जपून शिकवायला हवे. २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते. कायदा बदलला, पण गावाच्या जिभेला तो अजून पोचायचा आहे. भरल्या पार्लरमध्ये रोगाचे नाव उच्चारले गेले तर एखाद्या मुलीचे लग्न मोडेल, आणि पुढची बाई डाग दाखवायलाच येणार नाही. निदान करणे हे पार्लरचे काम नाही. वाक्य एवढेच हवे, तेही कानाशी: ‘ताई, हा डाग एकदा सरकारी दवाखान्यात दाखवून घ्या. तोवर मी त्यावर काही लावत नाही.’ नावही लिहून ठेवायचे नाही.

दरवर्षी ३० जानेवारीपासून ‘स्पर्श’ कुष्ठरोग जनजागृती अभियान असते. ग्रामसभेत प्रतिज्ञा होते, शाळेत निबंध होतात. येत्या वेळी ढाणकीच्या आरोग्य केंद्राने गावातल्या पार्लरवाल्या आणि सलूनवाल्यांना त्या आठवड्यात चहाला बोलवावे. सलूनच्या सुटीचा वार धरून आणि लग्नाची तिथी टाळून. नाहीतर कुणी येणार नाही.